न पाहिलेले ताट

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात आले की पुढचा शब्द वाचणारा मनातल्या मनात स्वतःच जोडून घेतो. कापूस, कर्ज, नापिकी आणि त्यानंतर जे येते ते. कुपोषण हा शब्दही त्या रांगेत उभा असतोच. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलामांच्या पोडांवरची लेकरे अंगणवाडीच्या वजनकाट्यावर चढतात, त्यांचे आकडे वरपर्यंत जातात, अधिवेशनात प्रश्न विचारले जातात. अशा जिल्ह्यात एखाद्या घरी कोठीत ज्वारी आहे, डब्यात तुरीची डाळ आहे, गोठ्यात म्हैस दुभती आहे आणि तरी सोळा वर्षांची मुलगी जेवत नाही, इतकी की तिला दवाखान्यात ठेवावे लागले, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा पहिला उद्गार ठरलेला असतो : ‘हे श्रीमंतांचे चोचले!’

हा शब्द गेल्या तीन वर्षांत मी शिक्षकांकडून ऐकला, नातलगांकडून ऐकला आणि एका डॉक्टरांकडूनही ऐकला. ज्याला आपण चोचले म्हणतो तो आजार मनाच्या आजारांत सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक आहे. २०११ साली जगभरातल्या छत्तीस अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा या आजारात दर हजारी वर्षाला सुमारे पाच मृत्यू दिसले. मरण पावलेल्यांपैकी पाचात एकाने स्वतः जीव दिला होता. उरलेल्यांतल्या कित्येकांच्या मृत्यूला उपासमारीने पोखरलेले शरीरच कारण होते. चोचल्यांनी माणसे अशी मरत नाहीत.

आजाराचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. त्याचा शब्दशः अर्थ मज्जातंतूंच्या विकाराने भूक जाणे असा होतो आणि तो फसवा आहे. भूक असते, पुष्कळदा भयंकर असते. मुलगी त्या भुकेशी झगडत असते. (मुलगेही असतात, त्यांचे निदान आणखी उशिरा होते.) अशी मुलगी स्वयंपाकघरात तासन्‌तास रमते, घरच्यांना आग्रह करकरून वाढते, टीव्हीवरच्या पाककृती वहीत उतरवून घेते आणि स्वतःवर वेळ आली की ‘मी मघाच खाल्लं’ म्हणून उठते. १८७३ च्या सुमारास पॅरिसचे डॉ. लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल या दोघांनी जवळपास एकाच वेळी या आजाराचे वर्णन केले. गल यांनी उपायही सांगून ठेवला : ठरावीक वेळाने अन्न द्यावे आणि रोग्याला इच्छा होण्याची वाट पाहू नये. दीडशे वर्षांत औषधशास्त्र कोठल्या कोठे गेले, पण या आजाराचे पहिले औषध अजून अन्नच आहे. दुसरी कोणतीही गोळी त्याची जागा घेऊ शकलेली नाही.

येथे वाचक विचारतील, मग अडचण काय? पोरीला जेवायला घाला म्हणजे झाले. अडचण नेमकी तेथेच आहे. ती समजायला मला एक प्रकरण जवळून पाहावे लागले. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील बदलून सांगतो.

बँकेत माझ्याबरोबर एका शाखेत असलेल्या एका सहकाऱ्याची नात. दहावीला उत्तम गुण, म्हणून अकरावीला नागपूरला वसतिगृहात ठेवून ‘नीट’च्या शिकवणीला घातलेली. श्रावणात तिने सोमवार धरले. मग संकष्टी आली. कळंबचा चिंतामणी आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे त्या उपासाचे घरात कौतुकच. पुढे गुरुवार आले. मेसचे जेवण आवडत नाही म्हणून रात्रीचे सुटले. आजी शेजारणींना सांगायची, ‘पोरगी लय देवभोळी हाय.’ दिवाळीत घरी आली तेव्हा चेहऱ्याची हाडे दिसत होती. विचारले तर म्हणे, दोन घासांतच पोट फुगते. वजनाबद्दल, दिसण्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. आपल्याकडे कोणी वाळू लागले की आधी क्षय शोधतात आणि ते योग्यच आहे. क्ष-किरण, थुंकी, थायरॉइड, साखर, दुर्बीण घालून पोट. पाळी बंद झाली होती म्हणून सोनोग्राफी झाली आणि सोनोग्राफी झाली म्हणून गल्लीत कुजबुज झाली. एका नातलगाने बुवा सुचवला. दुसऱ्याने, जो जास्त शिकलेला होता, लग्न सुचवले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘भाऊ, रिपोर्ट नॉर्मल हायेत अन् पोरगी संपत चालली,’ असे सहकारी मला फोनवर म्हणाले.

दोन घासांत पोट फुगते, हे ती खोटे सांगत नव्हती. दीर्घ उपासमारीत जठर मंदावते, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. आणि ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे तिने म्हटले नाही, यातही विशेष काही नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुण स्त्रियांचे वृत्तान्त प्रसिद्ध केले. खाण्याला नकार, सततच्या उलट्या, वजन घटलेले, पाळी बंद. पण आपण जाड आहोत हा ध्यास त्यांच्यात आढळला नाही. त्याच सुमारास हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सिंग ली सांगत होते की त्यांच्या पुष्कळ रुग्णांना लठ्ठपणाची भीती नसते. त्या पोट फुगल्याचे, भूक नसल्याचे सांगतात. पाश्चात्त्य पुस्तकातली खूण शोधत बसलेला डॉक्टर अशा मुलीला हा आजार नाहीच असे सांगून घरी पाठवतो. आपल्याकडे तर उपास हे प्रतिष्ठित कारण हाताशी आहे. उपासाने हा आजार होतो असे मी म्हणत नाही. लाखो बाया उपास करतात आणि दुसऱ्या दिवशी पोटभर जेवतात. पण आजार सुरू झाला की त्याला लपायला उपासासारखी जागा नाही, कारण तेथे न जेवणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही, उलट पाया पडतात.

जानेवारीत ती न्हाणीघरात कोसळली. नाडी मिनिटाला चाळिसाच्या आसपास, हातपाय गार. जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या. पोरगी डोळे उघडून बोलली तसा घरच्यांना हुरूप आला. शिरा आला, लाडू आले, मोसंबीचा रस आला, आणि या वेळी भीतीपोटी तिने थोडेथोडे खाल्लेही. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, श्वास लागला, नाडी वाकडीतिकडी धावू लागली. जी मुलगी चार महिने न खाऊन जगली होती ती खायला लागल्यावर मरायला टेकली. रात्रीच रुग्णवाहिकेने तिला नागपूरला हलवले.

ही दैवगती नव्हती. या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, रिफीडिंग सिंड्रोम. आपण त्याला पुनराहाराचा धोका म्हणू. शरीर उपाशी राहिले की ते चरबी जाळून जगते आणि स्वतःचा कारभार आखडता घेते. नाडी मंद, अंग थंड, पाळी बंद, ही सगळी काटकसर असते. अशा शरीरात एकाएकी साखर-पीठ गेले की इन्शुलिन उसळते आणि साखरेबरोबर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते. रक्तात त्यांचा एकदम दुष्काळ पडतो. हृदयाच्या स्नायूला चालायला फॉस्फरस लागते. ते नसले की हृदय अडखळते. साखर वापरायला ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन लागते. त्याचा साठा आधीच संपलेला असतो. मिठा-पाण्याचा तोल जाऊन सूज येते. धोका सर्वांत मोठा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत.

आणि खाणे सुरू होण्याआधीचा रिपोर्ट नॉर्मल का असतो, हे तर बँकेतल्या माणसाला पटकन कळावे. तपासणीच्या दिवशी एखादा व्यापारी इकडून तिकडून रक्कम फिरवून आणतो आणि रोख शिल्लक दाखवतो. त्या दिवशीचा ताळेबंद जुळतो. गोदाम मात्र रिकामे असते. उपाशी शरीर हाडांतून, स्नायूंतून काढून रक्तातला आकडा असाच सांभाळते. पहिला मोठा खर्च आला, म्हणजे अन्न आले, की भांडे फुटते. म्हणून अशा रुग्णाचा एका दिवसाचा नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन निश्चिंत होणे धोक्याचे.

हे ज्ञान जगाने फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत शिरले. सुमारे साठ हजार माणसे, त्यांतली हजारो हाडांचे सापळे झालेली. सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातले मांसाचे डबे वाटले, आणि त्या खाण्यानेच कित्येकांचा अंत झाला. नंतर डॉक्टरांनी तेथे जे पेय आणले त्याचे नाव होते ‘बेंगॉल फॅमिन मिक्श्चर’. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले, दुधाची भुकटी आणि साखर घातलेले. पूर्व युरोपातल्या त्या कैद्यांना ते इतके गोड लागले की अनेकांच्या घशाखाली उतरेना. बंगालमध्ये माणसे मेली त्यातून शिकलेली गोष्ट जर्मनीत वापरावी लागली आणि तेथेही चवीने अडवले. अन्न नुसते पोषक असून भागत नाही, ते खाणाऱ्याच्या ओळखीचे असावे लागते, हा त्यातला धडा पुढच्या आहारतज्ज्ञांच्या कामी आला.

त्याच काळात, १९४४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेल्या छत्तीस निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहायचे, मग त्यांना पुन्हा कसे सावरायचे ते पाहायचे. त्यांचे वजन चौथाईने घटले. पण खरी नवलाई पुढे आहे. ही धडधाकट, आनंदी माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताट चाटू लागली, एकेक घास तासभर पुरवू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली, रात्रंदिवस अन्नाखेरीज त्यांना काही सुचेना. ज्या खुणा आपण मुलीचा स्वभाव किंवा हट्ट समजतो त्यांतल्या बऱ्याच निव्वळ उपासमारीच्या खुणा आहेत, हे १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडी ग्रंथाने दाखवून दिले. त्यामुळे आधी समुपदेशन करू, मन सुधारले की जेवेल, हा क्रम उलटा पडतो. उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग नसतो. आधी अन्न, आणि मग, किंबहुना त्याच्या सोबतीने, मनाचे उपचार.

आता माझ्या मुद्द्याशी येतो. हे सारे ज्ञान लंडन-न्यूयॉर्कला आहे आणि आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. ते आपल्या सरकारी दवाखान्यांतच आहे, फक्त दुसऱ्या खोलीत.

मध्यंतरी एका पोषण पुनर्वसन केंद्रात मी एक दुपार बसून होतो. तीव्र कुपोषित बालकांना तेथे आईसह ठेवतात; आईला बुडीत मजुरी मिळते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज, ही दाखल करण्याची खूण. पहिले काही दिवस एफ-७५ नावाचे पातळ दूध. १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक, म्हणून ते नाव. दूध, साखर, तेल, मुरमुऱ्याचे पीठ असे ते साधेच असते. सहा किलोच्या लेकराला दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर, दिवसा आणि रात्रीही. कपात मोजून, चमच्याने. किती प्यायले, किती सांडले, किती ओकले, सगळे तक्त्यावर. एक आजी सिस्टरवर वैतागली होती, ‘एवढ्याशा दुधानं लेकराचं पोट भरते काय बाई?’ सिस्टर म्हणाली, ‘मावशी, त्याचं पोट अजून झोपलं हाय, हळूहळू जागं करू.’ पुनराहाराच्या धोक्याचे याहून चांगले मराठी भाषांतर मला करता येणार नाही. त्या टप्प्यात लोहसुद्धा द्यायचे नसते. मूल हसू लागले, भूक मागू लागले, की मग दाट एफ-१००, मग खिचडी, केळे, उकडलेले अंडे, आणि त्याच्या जोडीला खेळ. खेळ हा उपचाराचाच लिहून ठेवलेला भाग आहे.

ही शिस्त सहज आलेली नाही. क्लेअर स्कोफिल्ड आणि ॲन ॲशवर्थ या दोघींनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत दाखवून दिले की रुग्णालयात दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलांपैकी वीस ते तीस टक्के दगावत होती आणि पाच दशकांत त्यात फरक पडला नव्हता. कारण औषधांची टंचाई नव्हे, उपचाराची चुकीची पद्धत : घाईने जास्त खाऊ घालणे, सलाइन भरमसाट लावणे. १९९९ मध्ये संघटनेने दहा पायऱ्यांची पद्धत पुस्तकरूपाने दिली आणि २०११ मध्ये भारत सरकारने तिच्या आधाराने आपली मार्गदर्शक तत्त्वे काढली. आज आपल्या जिल्ह्यातली सिस्टरही ते करून दाखवू शकते.

पण त्या केंद्राच्या दारावर वयाची पाटी आहे : सहा ते एकोणसाठ महिने.

साठाव्या महिन्यानंतर मूल उपाशी पडूच शकत नाही अशी आपल्या व्यवस्थेची समजूत दिसते. आकडेवारीही तीच समजूत पाळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरांपैकी २५.६ मुले उंचीच्या मानाने कृश निघाली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. पहिला आकडा सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्यासाठी शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी आहे. पण सोळा वर्षांच्या मुलीचे ताट कोण पाहते? बहुतेक सरकारी रुग्णालयांत त्या वयाची मुलगी बालरोग विभागात बसत नाही. ती स्त्रियांच्या औषधोपचार कक्षात जाते, जेथे एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतात आणि जेवणाचे ट्रे उचलणाऱ्या बाईला कोणी किती खाल्ले हे विचारायचे नसते.

घरी तरी कोण पाहते? वऱ्हाडातल्या आणि कोठल्याही मराठी घरात बाया मागाहून जेवतात. आधी पुरुष, मग लेकरे, मग सुना-लेकी, उरलेले पुरवून. ‘तुम्ही बसा, मी जेवते मागून,’ हे वाक्य बारा वर्षांची पोरगी आईकडून शिकते आणि ते तिच्या शहाणपणाचे लक्षण समजले जाते. त्या वाक्याच्या आड चार-सहा महिने न जेवता राहणे मुळीच अवघड नाही. माझ्या सहकाऱ्याच्या घरी माणसे प्रेमळ, कोणी डोळेझाक केली नव्हती. पण नातीच्या ताटात काय होते ते कोणी सांगू शकले नाही, कारण ते ताट घरात कधी पाहण्याची वस्तूच नव्हते. आम्ही लेखक मंडळींनीही झुरणारी, फिकट, दोन घास टाकून उठणारी नायिका इतक्या कादंबऱ्यांतून नटवली आहे की ती वाचकाला सुंदर वाटते. आजारी वाटत नाही.

नागपूरच्या रुग्णालयात पुढे जे झाले ते वर वर्णन केलेल्या केंद्रातल्या शिस्तीसारखेच होते, फक्त मोठ्या माणसाच्या मापाने. आधी थायमिन, मग अन्न. पहिला आठवडाभर रोज रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम. कमी पडले की लगेच भर. ईसीजी, रात्रीची नाडी, रात्रीची साखर. बाटलीने ग्लुकोज नाही, शक्यतो तोंडानेच. दिवसात तीन जेवणे आणि मध्ये तीन खाणी. दूध भरपूर, कारण त्यात फॉस्फरस असते. वरण-भात, भाकरी, अंडे, शेंगदाण्याची चिक्की, म्हणजे तिच्या घरचे अन्न. जेवायला अर्धा तास, आणि तेवढा वेळ समोर एक माणूस बसलेला. ताटात उरले तर तेवढ्याच उष्मांकाचे पेय. तेही गेले नाही तर नाकातून नळी. ती शिक्षा म्हणून घालायची नसते, मुलीला नीट सांगून घालायची असते. जेवण झाल्यावर तासभर सोबत, गप्पा, पत्ते. ताट हा कोणाशी वाटाघाटी करायचा विषय नाही, हे तिला रोज शांतपणे सांगणारी एक तरुण आहारतज्ज्ञ होती. सहकारी म्हणाले, ‘त्या पोरीनं आवाज न चढवता आमच्या पोरीला जेवाले घातलं. आम्ही सारे ओरडून दमलो होतो.’

किती अन्नाने सुरुवात करावी यावर डॉक्टरांत खडाजंगी आहे. बेल्सेनच्या आठवणीने दोन पिढ्या अतिसावध राहिल्या, इतक्या की काही रुग्णालयांत मुलींचे वजन पहिल्या आठवड्यात आणखी घटायचे. सॅन फ्रान्सिस्को आणि स्टॅनफर्ड येथे सुमारे १२० तरुण रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एका गटाला १४०० उष्मांकांपासून एक दिवसाआड वाढवत नेले, दुसऱ्याला २००० पासून रोज वाढवत. दुसरा गट तीन दिवस लवकर स्थिरावला आणि रक्तातल्या क्षारांचे बिघाड त्यांच्यात जास्त झाले नाहीत. ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या महाविद्यालयानेही २०२२ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही बाजूंनी बजावले : घाईने खाऊ घालणे धोक्याचे आणि भीतीपोटी उपाशी ठेवणेही तितकेच. मात्र अमेरिकेतल्या त्या चाचणीत अतिशय खंगलेले रुग्ण घेतले नव्हते. आपल्याकडची मुलगी येते तीच चार दारे ठोठावून, रक्त कमी, अंग सुजलेले अशी. तिच्यासाठी सावध सुरुवातच बरी, आणि आकड्यावर भांडण्यापेक्षा रोजचे रक्त तपासायची सोय आधी हवी, असे माझ्या अल्पमतीला वाटते. फॉस्फरसची तपासणी काही महागडी चैन नाही. डॉक्टरने ती लिहून द्यायचे सुचावे लागते, एवढेच.

घरच्यांचे काय करायचे याबद्दल मत मात्र साफ पालटले आहे. गल साहेबांना नातलग ही अशा रोग्याजवळची सर्वांत वाईट माणसे वाटत. आई-बापांनीच बिघडवले, हा समज पुढे शंभर वर्षे टिकला आणि किती आयांनी तो उराशी बाळगून रडत दिवस काढले असतील कोण जाणे. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातल्या मंडळींनी उलट दिशा धरली. तरुण रुग्णांच्या बाबतीत आई-वडिलांनाच उपचाराच्या मध्यभागी बसवायचे. दवाखान्यातून घरी गेल्यावर काही महिने ताट तेच वाढतील, शेजारी बसतील, आणि मुलगी सावरेल तसा कारभार तिच्या हाती परत देतील. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, लहान वयात आजार जडलेल्या आणि फार जुना न झालेल्या रुग्णांना या पद्धतीचा चांगला गुण आला. आपल्या एकत्र जेवणाऱ्या, निदान एका छपराखाली जेवणाऱ्या कुटुंबांना ही पद्धत परकी वाटू नये. त्यासाठी फक्त बाया आणि पोरींनी सगळ्यांबरोबर पंगतीला बसावे लागेल. माझ्या सहकाऱ्याच्या घरी आता तसे बसतात. सुरुवातीला आजीला ते फार अवघड गेले.

यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की बालरोग, औषधवैद्यक आणि मनोविकार हे विभाग आलेच, आणि कुपोषित बालकांना मोजून खाऊ घालण्याची विद्या या जिल्ह्याने आधीच शिकून घेतली आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही हा जिल्हा होता. म्हणजे मन आजारी पडते आणि त्याला दवाखान्यात जागा लागते, हे येथे कोणाला नव्याने पटवायचे नाही. नवी इमारत नको, नवी योजना तर मुळीच नको. हवी आहेत दोन-चार पाने : सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा उपासमारीने खंगून आला तर कोणत्या कक्षात ठेवायचा, पहिल्या दहा दिवसांत रोज काय तपासायचे, ग्लुकोजआधी काय द्यायचे, ताटासमोर कोण बसेल. शेवटचा प्रश्न सर्वांत खर्चिक आहे. दूध आणि खिचडी स्वस्त आहे. दिवसातून सहा वेळा अर्धा-अर्धा तास बसणारी सिस्टर महाग आहे आणि तिचीच पदे रिकामी असतात. तेथे आईला शिकवून बसवता येईल, जसे छोट्यांच्या केंद्रात बसवतात. तिलाही बुडीत मजुरी द्यावी.

खर्चाचे आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखेच संरक्षण देण्याचे बंधन घातले आणि विमा नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्व पॉलिसींना ते पुन्हा बजावले. तेव्हा ‘मानसिक आजार वगळून’ असे सांगून कोणी दावा फेटाळला तर ते निमूट मान्य करू नये. लेखी कारण मागावे. उत्तरे बदलतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

घरच्यांनी लक्ष केव्हा द्यावे? काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरले, पाळी थांबली, उन्हाळ्यातही मुलगी स्वेटर शोधते, उठल्यावर चक्कर येते, सगळ्यांबरोबर जेवायचे टाळते, यांतल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की थांबू नये. नाडी विश्रांतीत पन्नासच्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि बरेच आठवडे उपाशी राहिलेल्या मुलीला घरीच गोडधोड भरवून बरे करायला जाऊ नये. बोलायला कोणी नसेल तर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फुकटचा क्रमांक आहे; तेथे मराठीत बोलता येते.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. अठराव्या वर्षापर्यंतची मुले त्याच्या कक्षेत येतात. शिकवणीच्या गावी खासगी वसतिगृहात राहणारी मुलगी मात्र त्या जाळ्याबाहेर पडते, आणि नेमक्या त्याच वयात, त्याच खोल्यांत या आजाराला रान मोकळे असते. पथकाजवळ वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे. कार्डावर यंदाच्या वजनाशेजारी गेल्या वर्षीचे वजन लिहिले, वाढत्या वयात ते उतरलेले दिसले तर मुलीची नाडी मोजली आणि सोबतच्या परिचारिकेने तिला बाजूला घेऊन पाळीबद्दल विचारले, तर त्याला प्रत्येकी पाच मिनिटे लागतील. वसतिगृहांच्या चालकांनाही सत्राच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुटीआधी एवढे करायला सांगता येईल. शुल्काच्या पावत्या ते वेळच्या वेळी ठेवतात. त्याच फाइलीत वजनाचा एक कागद मावेल.